इंटरनेट जोडणी : संज्ञा, प्रकार आणि आकारणी

विजेचे बिल हाती आले म्हणजे आपण मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि वापरलेली युनिटे पाहतो. आकडा वाढलेला दिसला की महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारणा करतो. बाजार समितीत कांद्याचे वजन होताना शेतकरी काट्यापासून हलत नाही. मात्र इंटरनेटच्या जोडणीसाठी दरमहा पाच-सहाशे रुपये मोजताना आपण नेमके काय विकत घेतो, त्याचे माप कोणते आणि ते माप पुरेपूर पदरात पडले की नाही, हे पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. कारण उघड आहे. मापाचे शब्दच आपल्या ओळखीचे नाहीत. जो शब्द कळत नाही त्यावर वाद घालता येत नाही, आणि मग समोरचा सांगेल ती रक्कम द्यावी लागते.

शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, स्पर्धा परीक्षेचे शुल्क, पीक विमा, लासलगावचा आजचा भाव ही सारी कामे आता याच वाटेने होतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी जोडणी बंद पडली तर विद्यार्थ्याचे एक वर्ष पणाला लागते. तेव्हा ही हौसेची वस्तू आहे असे समजून चालणार नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रांचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. पण बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला 'लिंक नाही' हे दोन शब्द ग्राहकाला सांगताना काय वाटते, ते आम्ही जाणतो. ही लिंक म्हणजे काय आणि ती का जाते, याचा पाठपुरावा करता करता जे समजले, ते सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम मूळ संज्ञा पाहू. इंटरनेट ही कोणा एकाच्या मालकीची वस्तू नव्हे. जगभरातील संगणकांची लहानमोठी जाळी एकमेकांना जोडून ते महाजाळे झाले आहे. त्या महाजाळ्यापर्यंत आपल्या घराची वाट करून देणारा तो इंटरनेट सेवा पुरवठादार, ज्याला सर्वत्र 'आयएसपी' म्हणतात. ही वाट लांबलचक असते. समुद्राखालून आलेल्या अनेक केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात. तेथून जमिनीखालच्या फायबरने नाशिक, नाशिकहून निफाड तालुका, आणि शेवटचा तुकडा विजेच्या किंवा स्वतंत्र खांबांवरून आपल्या दारात. या साखळीतील पुष्कळशा कड्या आपल्या पुरवठादाराच्या स्वतःच्या नसतात. त्या तो भाड्याने घेतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस रेंगाळत चालले. कुठे अलेक्झांड्रिया आणि कुठे आपला निफाड तालुका, पण दोरी एकच आहे.

आपल्या देशात आयएसपीच्या परवान्याचे तीन वर्ग करण्यात आले. 'अ' वर्गाचा परवाना संपूर्ण देशासाठी, 'ब' वर्गाचा एका दूरसंचार मंडळासाठी, म्हणजे ढोबळमानाने राज्यासाठी, आणि 'क' वर्गाचा साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. गावात ज्याला आपण 'केबलवाला' म्हणतो तो अनेकदा स्वतः आयएसपी नसतो. एखाद्या परवानाधारक कंपनीच्या वतीने तो तार ओढतो, वसुली करतो आणि दुरुस्तीला माणूस पाठवतो. म्हणून पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारावा : परवाना कोणाचा? पावतीवर नाव कोणाचे येणार? उत्तर देताना माणूस चाचरला तर पुढे काय होणार याची कल्पना तेथेच येते.

आता मापांकडे वळू. इंटरनेटची आकारणी आपल्याकडे आजवर तीन मापांनी झाली. आधी वेळेवर, मग आकारमानावर आणि आता वेगावर. मागच्या काळातले शब्द पुढच्या काळात तसेच राहिले आणि तिन्ही मापांची भाषा आजच्या एकाच दरपत्रकात एकत्र नांदू लागली. गोंधळाचे मूळ बहुतांशी इथे आहे, म्हणून हा इतिहास थोडा विस्ताराने सांगतो.

सर्वसामान्यांसाठी भारतात इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्याआधी १९८६ पासून 'एर्नेट' नावाचे जाळे होते, पण ते शिक्षण व संशोधन संस्थांपुरते. १९९५ ची जोडणी 'डायल-अप' होती. संगणकाला मोडेम लावायचे, मोडेमने दूरध्वनीवरून क्रमांक फिरवायचा, खरखर-किरकिर असा आवाज व्हायचा आणि मग वाट मोकळी. तेवढा वेळ घरचा दूरध्वनी अडकून राही. वेग ९.६ केबीपीएस. २५० तासांसाठी व्यक्तीला ५,००० रुपये पडत, आणि दूरध्वनीच्या कॉलचे मीटर त्याशिवाय फिरत असे. ज्या गावाजवळ सेवेचे केंद्र नव्हते तेथून लावायचे तर एसटीडीचा दर. आमच्या ०२५५० कोडच्या निफाड तालुक्याने या वाटेला जाण्याचा प्रश्नच नव्हता.

या रकमेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ९.६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १,२०० बाइट. २५० तासांचे ९ लाख सेकंद होतात. एक सेकंदही वाया न घालवता पूर्ण वेगाने माहिती उतरवली असती तरी २५० तासांत जेमतेम १ जीबी हाती लागले असते. म्हणजे १ जीबीला ५,००० रुपये. आज मोबाईलच्या साध्या रिचार्जवर कॉलेजचा मुलगा तेवढे एका दुपारी संपवतो.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवाने खुले झाले. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम स्थापन झाले आणि दूरध्वनी केंद्र असलेल्या गावांतूनही स्थानिक कॉलच्या दरात डायल-अप मिळू लागले. तरीही तास मोजणे चालूच होते. सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे देऊन बसणारी पिढी घड्याळाकडे पाहत टंकलेखन करी.

दुसरे माप जानेवारी २००५ मध्ये आले. भारत संचार निगमाचे 'डेटावन' ब्रॉडबँड त्याच तांब्याच्या तारेवर, पण दूरध्वनी न अडवता चालू लागले. महिना ५०० रुपये, वेग २५६ केबीपीएस, आणि मर्यादा महिन्याला ४०० एमबी. जोडणी चोवीस तास चालू, घड्याळ गेले, पण वजनकाटा आला. ४०० एमबीच्या पुढे प्रत्येक एमबीला वेगळे पैसे. २५६ केबीपीएसने सलग माहिती उतरवली तर हा महिन्याचा कोटा साडेतीन तासांत संपे! त्या काळी पहाटे २ ते ८ या वेळेत काही योजनांत मोजणी होत नसे, म्हणून घराघरांतील मुले गजर लावून उठत. अभ्यासासाठी एवढ्या पहाटे उठणारी मुले आम्ही तरी फार पाहिलेली नाहीत.

'ब्रॉडबँड' या शब्दाची व्याख्याही सरकारने वेळोवेळी बदलली. २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस, २०१३ साली ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. याहून कमी वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणता येत नाही.

फायबर आले तसे तिसरे माप पुढे आले, ते वेगाचे. आजच्या दरपत्रकात मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो वेगाचा : ४०, १००, ३०० एमबीपीएस. इथे एक शब्द नीट समजून घेतला पाहिजे. एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला इतके मेगाबिट. आणि फाइलचे आकारमान आपण मोजतो एमबीत, म्हणजे मेगाबाइटमध्ये. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून ४० एमबीपीएसची जोडणी सेकंदाला ४० एमबी देत नाही, ५ एमबी देते. १ जीबीचा व्हिडिओ उतरवायला तिला सुमारे २०० सेकंद, म्हणजे सव्वातीन-साडेतीन मिनिटे लागतात. हे ठाऊक नसलेला ग्राहक फसवणूक झाली म्हणून भांडतो आणि हे ठाऊक असलेला पुरवठादार खरी फसवणूकही याच आडोशाला लपवतो. आठाने भागायची सवय ठेवली तर दोन्ही टळतात.

वेगाच्या आकड्याला 'पर्यंत' हा शब्द जोडलेला असतो. तो बारीक अक्षरात असतो, पण बिलातला सर्वांत भारी शब्द तोच. आपल्या भागातील पालखेडच्या डाव्या कालव्याचे उदाहरण घ्या. कालव्याची क्षमता कागदावर ठरलेली. पण आवर्तन सुटल्यावर वरच्या अंगाला सगळ्यांनी एकदम दारे उघडली तर टेलला येवल्याकडे पाणी किती पोचणार? इंटरनेटचेही तसेच. घरोघरच्या फायबरसाठी आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत एका मुख्य धाग्यावर सुमारे २,५०० एमबीपीएस क्षमता असते आणि तो धागा फोडून ३२ किंवा ६४ घरांना देतात. ६४ घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएस विकले तर बेरीज होते ६,४००. सगळ्यांनी एकाच वेळी पूर्ण वापर केला तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० सुद्धा येत नाहीत. एरवी सगळे एकदम वापरत नाहीत म्हणून गाडे चालते. याला 'कंटेन्शन' म्हणतात, म्हणजे एकाच क्षमतेत किती वाटेकरी आहेत ते प्रमाण. रात्री ८ ते ११ या वेळेत वेग पडतो तो यामुळेच, किंवा आपल्या पुरवठादाराने पुढच्या कंपनीकडून पुरेशी 'बँडविड्थ', म्हणजे वहनक्षमता, घेतलेली नसते म्हणून. जोडणी घेण्याआधी शेजारच्या घरी रात्री ९ वाजता जाऊन वेग पाहावा. सकाळी ११ ला दाखवलेला वेग म्हणजे भर पावसाळ्यात दाखवलेली विहीर.

वेगाचेही दोन भाग असतात. माहिती घरात येते तो डाउनलोड, घरातून जाते तो अपलोड. तांब्याच्या तारेवरील जुन्या ब्रॉडबँडमध्ये अपलोड फारच कमी ठेवलेला असे. फायबरवर दोन्ही सारखे देता येतात, पण सगळे देत नाहीत. ज्या घरात मुलगी ऑनलाइन मुलाखत देणार आहे किंवा प्रमाणपत्रे स्कॅन करून चढवायची आहेत तेथे अपलोडचा आकडा विचारलाच पाहिजे. तिसरा आकडा 'लेटन्सी' किंवा 'पिंग', म्हणजे हाक दिल्यापासून ओ येईपर्यंतचा वेळ. उपग्रहावरील व्हीसॅट जोडणीत तो सर्वांत ठळक जाणवतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. प्रश्न वर जाऊन खाली आणि उत्तर वर जाऊन खाली एवढ्या प्रवासाला प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद जातो. काही ठिकाणी एटीएम पैसे देण्यापूर्वी विचार करत बसल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण हेही असू शकते.

आता 'अनलिमिटेड' या शब्दाकडे येऊ. या शब्दापुढे बहुधा एक तारांकन असते. तारांकनाचा पाठलाग करीत खाली गेले की 'एफयूपी' ही अक्षरे भेटतात. त्याचा अर्थ, ठरावीक आकारमान वापरून झाले की जोडणी बंद होणार नाही, जादा पैसेही लागणार नाहीत, पण वेग खाली आणला जाईल. म्हणजे २००५ चे वजनाचे माप गेले नाही, फक्त मागच्या खोलीत जाऊन बसले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१६ साली बजावले की मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगितले पाहिजे आणि स्थिर ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही. पुष्कळ योजनांत ही मर्यादा महिन्याला ३,३०० जीबी असते. साध्या घराला ती कधी लागतच नाही. पण स्वस्तातल्या योजनेत ती १०० किंवा २०० जीबीही असू शकते, आणि तेथे महिनाअखेरीस रडगाणे सुरू होते.

मोबाईलवर हा खेळ रोजचा आहे. दिवसाला दीड किंवा दोन जीबी, आणि ते संपले की वेग बहुधा ६४ केबीपीएस. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी. २ एमबीचा फोटो चढवायला चार मिनिटांहून अधिक. कोटा संपला की आपण सरळ डायल-अपच्या काळात जाऊन बसतो असे म्हणायला हरकत नाही. शिवाय 'महिन्याचा' रिचार्ज २८ दिवसांचा असतो. ३६५ ला २८ ने भागले की १३ येतात. म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. बँकेत अशा तेराव्या हप्त्याला कोणीही हरकत घेतली असती. याची दखल घेऊन ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा असे पर्यायही ठेवावेत. ते दुकानदार आपणहून सांगत नाही, मागावे लागतात.

जोडणीच्या प्रकारांविषयी थोडक्यात. तांब्याच्या तारेवरची जोडणी दूरध्वनी केंद्रापासून जितकी लांब तितकी मंद, त्यामुळे मळ्यात राहणाऱ्यांना तिचा उपयोग कमीच झाला. छतावर लहान अँटेना लावून बिनतारी जोडणी देतात तिला समोरचा मनोरा दिसावा लागतो. मध्ये झाड वाढले की वेग घटतो. पाचव्या पिढीच्या मोबाईल लहरींवर घरात यंत्र बसवून देण्याची पद्धत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांनी सुरू केली. फायबर न पोचलेल्या ठिकाणी ती चांगली, पण त्या मनोऱ्याची क्षमता रस्त्यावरचे मोबाईलही वाटून घेतात. फायबर म्हणजे काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून जाणारा प्रकाश. अंतराने तो फारसा मंदावत नाही आणि विजेच्या कडकडाटाने तांब्यासारखा जळत नाही. घरात भिंतीवर जे यंत्र लावतात ते 'ओएनटी'. ते प्रकाशाचे पुन्हा विजेच्या संकेतांत रूपांतर करते. त्यावर 'लॉस' नावाचा दिवा असतो. तो तांबडा झाला म्हणजे बाहेर धागा तुटला किंवा वाकला. घरातील यंत्र पुन्हापुन्हा बंद-चालू करून काही होणार नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागला की हा दिवा तांबडा होतो, हे आता पोराटोरांनाही माहीत आहे.

बँका आणि मोठी कार्यालये वापरतात ती 'लीज्ड लाइन'. तिच्यात वाटेकरी नसतात. जितकी क्षमता विकत घेतली तितकी चोवीस तास राखीव, येणारी-जाणारी सारखी. म्हणून तिचा दर घरगुती जोडणीच्या कित्येक पट असतो. तरीही लिंक जाते, कारण राखीव असली तरी तार तीच माती आणि तोच खांब वापरते. त्यासाठी दुसऱ्या कंपनीची किंवा दुसऱ्या प्रकारची पर्यायी वाट ठेवण्याची पद्धत आहे. घरीही हे तत्त्व लागू आहे : फायबर असले तरी एका मोबाईलमध्ये थोडा डेटा राखून ठेवावा आणि तो 'हॉटस्पॉट'ने संगणकाला कसा द्यायचा हे घरातील दोघांना तरी यावे.

एक गैरसमज इथेच दूर करू. 'वायफाय गेले' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा वायफाय गेलेले नसते. वायफाय म्हणजे राउटरपासून आपल्या मोबाईलपर्यंतची घरातल्या घरातली बिनतारी वाट. ती फुकट आहे, तिला कोणी आकार लावत नाही. गेलेले असते ते राउटरच्या पलीकडचे इंटरनेट. उलटपक्षी राउटर ओसरीवर आणि विद्यार्थी मागच्या खोलीत, मध्ये दोन जाड भिंती, अशा वेळी इंटरनेट ठणठणीत असूनही वेग मिळत नाही. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो : २.४ गिगाहर्ट्झची भिंत ओलांडते पण मंद, ५ गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंतीला हरणारी. तक्रार करण्यापूर्वी राउटरला केबलने संगणक जोडून किंवा त्याच्या शेजारी उभे राहून वेग मोजावा. ट्रायचे 'मायस्पीड' नावाचे ॲप त्यासाठी आहे.

बिलाच्या रचनेवर येऊ. जाहिरातीतला दर आणि भरावयाची रक्कम यांत पहिला फरक कराचा. समजा दर ४९९ रुपये. १८ टक्के जीएसटी ८९ रुपये ८२ पैसे, एकूण ५८८ रुपये ८२ पैसे. मोबाईलच्या प्रीपेड रिचार्जमध्ये कर आधीच धरलेला असतो, त्यामुळे दोन दरांची तुलना करताना एकात कर मिळवायला विसरू नये. यानंतर 'इन्स्टॉलेशन', म्हणजे तार ओढून देण्याचा एकदाचा आकार. तो परत मिळत नाही. 'सिक्युरिटी डिपॉझिट' म्हणजे यंत्रापोटी ठेवलेली अनामत. ती यंत्र परत केल्यावर मिळाली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी हे दोन शब्द मुद्दाम एकत्र बोलले जातात, म्हणून पावतीवर दोन ओळी वेगळ्या करून घ्याव्यात. यंत्र मोफत आहे असे सांगितले तर ते आपल्या मालकीचे झाले की वापरण्यापुरते मिळाले, तेही लिहून घ्यावे. सोबत चित्रपट-मालिकांचे ॲप जोडलेली योजना घेताना त्यातले कोणते ॲप घरात खरोखर पाहिले जाते ते मोजावे.

सहा महिने किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास एक महिना मोफत, अशी योजना सर्रास असते. व्याजाच्या हिशेबाने पाहिले तर ५८९ रुपयांप्रमाणे सहा महिन्यांचे साडेतीन हजार; बचत खात्यात त्यावर सुटणारे व्याज इतके थोडे की सवलत फायद्याचीच दिसते. आमची हरकत व्याजाची नाही. आगाऊ रक्कम दिली की आपल्या हातातला एकमेव लगाम सुटतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने एका स्थानिक चालकाकडे वर्षाचे पैसे भरले, तेही त्याच्या खासगी मोबाईल क्रमांकावर, पावतीवाचून. तिसऱ्या महिन्यात त्याने धंदा दुसऱ्याच्या हवाली केला. नव्या माणसाने जुनी नोंद दाखवा म्हटले. दाखवायला बँकेच्या खात्यावरची एक ओळ होती, आणि त्या ओळीत इंटरनेटचा उल्लेख नव्हता. त्या घरातला मुलगा त्या वर्षी अर्ज भरायला मित्राच्या घरी जात होता. पहिले तीन महिने महिन्यामहिन्याने भरावे, सेवा पाहावी, आणि मग हवे तर आगाऊ द्यावे. तेही कंपनीच्या नावाच्या, जीएसटी क्रमांकाच्या पावतीवर. मोबाईलचा क्रमांक २०११ पासून कंपनी बदलून तोच ठेवता येतो. तारेच्या इंटरनेटला तशी सोय नाही, सोडायचे म्हणजे नव्याने तार आली.

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेसाठी जोडणी घेण्याचा विषय निघतो तेव्हा चर्चा नेमकी रकमेवर अडकते. पैसा वर्गणीचा असल्याने ते स्वाभाविकही आहे. पण आधी गरज मांडून पाहू. १२ विद्यार्थी एकाच वेळी व्याख्यानाचा स्वच्छ व्हिडिओ पाहत आहेत असे धरू. प्रत्येकी ३ एमबीपीएस पुरतात, एकूण ३६. थोडी जागा ठेवून ५० एमबीपीएसची योजना पुरेशी, १०० ची गरज नाही. आकारमानाचा हिशेब असा : ३ एमबीपीएसने एक तास म्हणजे १.३५ जीबी. १२ विद्यार्थी, रोज २ तास, महिन्याला २६ दिवस. ६२४ तास, म्हणजे सुमारे ८४२ जीबी. तेव्हा २०० जीबी मर्यादेची स्वस्त योजना अभ्यासिकेला सुमारे आठवडाभरात संपेल. इथे पैसे वेगावर खर्च न करता मर्यादेवर खर्च केले पाहिजेत. याउलट चौघांच्या घरात रोज मिळून चार तास व्हिडिओ पाहिला तरी महिन्याला १६२ जीबी होतात. एकच दरपत्रक दोघांना सारखे लागू पडत नाही ते यासाठी.

ज्या घरात चार मोबाईल आहेत त्यांनीही एकदा कागद-पेन्सिल घ्यावी. समजा प्रत्येकाचा २८ दिवसांचा रिचार्ज ३०० रुपयांचा. चार गुणिले तेरा गुणिले तीनशे, वर्षाचे १५,६०० रुपये. घरी ५८९ रुपयांचे फायबर घेतले तर वर्षाचे ७,०६८, आणि घराबाहेर न जाणाऱ्यांचे मोबाईल फक्त बोलण्यापुरत्या स्वस्त योजनेवर नेता येतात. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल व संदेशांसाठीची योजना ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. मजुरीसाठी दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसांच्या घरात मात्र हे गणित उलटे पडते. तेथे घरच्या जोडणीचा आग्रह धरू नये.

सरकारी प्रयत्नही नोंदवले पाहिजेत. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचे नाव 'भारतनेट' झाले. डिसेंबर २०२० मध्ये 'पीएम-वाणी' मंजूर झाली. तिच्यात किराणा दुकानदारसुद्धा परवाना शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, जसे पूर्वी पिवळ्या फलकाचे एसटीडी-पीसीओ होते. गावात कोणी बेरोजगार तरुण हे करू इच्छित असेल तर त्याने दूरसंचार विभागाचे नियम वाचावेत.

शेवटी तक्रारीची रीत. तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करून 'डॉकेट नंबर' घ्यावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. मुदतीत काम झाले नाही किंवा समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्यास शुल्क नाही. ट्राय स्वतः व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही. तेथे पत्र पाठवून वेळ घालवू नये. दूरसंचार विभागाचा तक्रार निवारण कक्ष आहे, तेथे मात्र नोंद होते. याखेरीज ग्राहक आयोगाची वाट खुली आहे. टेलिफोन कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही असा आक्षेप पूर्वी घेतला जाई; १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. पावती, डॉकेट नंबर आणि राउटरशेजारी मोजलेल्या वेगाचे तारीख-वेळ दिसणारे छायाचित्र, एवढे सोबत असले म्हणजे नाशिकच्या आयोगाला द्यावयाचा अर्ज फुलस्केपच्या एका पानावर मावतो.